विजेच्या तारा आणि रक्तातील पांढऱ्या पेशी



आपल्याकडे खोपोलीचे जलविद्युत् केंद्र १९१५ साली सुरू झाले. कोयनेची वीज १९६२ पासून मिळू लागली. पुढे कोराडी, चंद्रपूर येथे कोळशावर चालणारी मोठी केंद्रे उभी राहिली आणि तेथून निघालेल्या तारा डोंगर, नद्या, शेते ओलांडीत सगळ्या महाराष्ट्रभर पसरल्या. आज आपल्या शिवारातून विजेचा मनोरा गेलेला नाही असा तालुका शोधून सापडायचा नाही. पण मनोरे आले की त्यांच्या पाठोपाठ एक शंकाही गावात येते. तारांखाली राहिले की रक्त बिघडते, अंगातली ताकद कमी होते, पोरे सारखी आजारी पडतात, असे लोक बोलतात. पावसाळी हवेत तारांचा तो चरचर असा आवाज ऐकू आला की ही शंका अधिकच बळावते.

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शास्त्रज्ञांनीही हाच प्रश्न गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे निरनिराळ्या रीतींनी विचारला आहे. रोगाशी झुंजणाऱ्या ज्या पेशी आपल्या रक्तात असतात त्यांच्यावर विजेच्या तारांभोवतालच्या क्षेत्राचा काही परिणाम होतो काय, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर कसे शोधले गेले आणि आज ते कोठवर आले आहे, हे मी आज आपल्याला सांगणार आहे.

प्रथम हे 'क्षेत्र' म्हणजे काय ते पाहू. डेन्मार्कमधील ओर्स्टेड या प्राध्यापकांनी १८२० साली दाखवून दिले की तारेतून वीज वाहू लागली की जवळ ठेवलेली होकायंत्राची सुई हलते. याचा अर्थ असा की विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकाचा प्रभाव निर्माण होतो. शिक्षकांना हा प्रयोग बॅटरीचा एक सेल, वीतभर तार आणि होकायंत्र एवढ्यावर वर्गात करून दाखवता येईल. तार क्षणभरच टेकवा, नाहीतर ती तापेल. सेलची टोके उलटी लावली की सुई उलट दिशेला वळते. घरातल्या विजेच्या तारेवर मात्र हा प्रयोग चुकूनही करू नये.

आता आपल्या घरी येणारी वीज सेलच्या विजेसारखी एकाच दिशेने वाहत नाही. ती सेकंदाला ५० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा आपली दिशा बदलते. तिच्याभोवतालचे चुंबकीय क्षेत्रही तसेच उलटसुलट होत राहते. याला कमी कंपनसंख्येचे क्षेत्र म्हणतात. कमी का? तर रेडिओच्या लहरी सेकंदाला लाखो वेळा कंप पावतात आणि क्ष-किरण त्याहूनही कितीतरी अधिक. क्ष-किरणांत पेशीतील रेणू तोडण्याइतकी शक्ती असते. ५० फेऱ्यांच्या क्षेत्रात ती मुळीच नसते. ते फार तर शरीरात अगदी दुबळा प्रवाह उत्पन्न करते. म्हणून तारांना 'क्ष-किरणांसारखे' समजणे बरोबर नाही.

चुंबकीय क्षेत्र मोजायचे माप टेस्ला. हे माप फार मोठे आहे, म्हणून आपण त्याचा दहा लाखावा भाग, म्हणजे मायक्रोटेस्ला, वापरू. आपल्या पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र महाराष्ट्रात सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. मात्र ते स्थिर असते, उलटसुलट होत नाही. घरातील विजेचे क्षेत्र युरोपात सरासरी ०.०७ आणि अमेरिकेत ०.११ मायक्रोटेस्ला भरते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली नमूद केले आहे. उच्च दाबाच्या तारांच्या ऐन खाली ते २० मायक्रोटेस्लापर्यंत जाऊ शकते. तारांपासून ५० ते १०० मीटर दूर गेले की ते घटत घटत इतर घरांइतके होते.

अंतराचे हे महत्त्व घरच्या वस्तूंतही दिसते. विजेवर चालणाऱ्या दाढीच्या यंत्राचे क्षेत्र ३ सेंटिमीटरवर १५ ते १५०० मायक्रोटेस्लापर्यंत भरते आणि वीतभराहून थोडे अधिक, म्हणजे ३० सेंटिमीटर, दूर गेले की ०.०८ ते ९ वर येते. शेकोटीपासून दोन पावले मागे सरकलो की धग कमी लागते, तसेच हे.

आता रक्ताकडे वळू. रक्ताच्या एका घन मिलिमीटरात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, साधारण चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. गावात जशी रखवालदार, पोलीसपाटील, पंच अशी वेगवेगळी माणसे वेगवेगळी कामे पाहतात, तसेच यांचेही आहे. काही पेशी जंतूंना गिळून टाकतात. मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात काटा टोचला, तेव्हा काट्याभोवती अशा भक्षक पेशी गोळा झालेल्या त्याला दिसल्या. या कामाबद्दल १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. दुसऱ्या पेशी म्हणजे लिंफोसाइट. एकदा भेटलेला जंतू त्या ओळखून ठेवतात आणि तो पुन्हा आला की आपली संख्या झपाट्याने वाढवतात. देवी, गोवर, धनुर्वात यांवरील लसी या ओळखीच्याच बळावर काम करतात. तिसऱ्या प्रकारच्या पेशी आपल्याच शरीरातील बिघडलेल्या पेशींना मारून टाकतात.

या पेशींची परीक्षा घ्यायची तर त्यांना शरीराबाहेर, काचेच्या बशीत जिवंत ठेवावे लागते. पण बशीत लिंफोसाइट नुसत्या पडून राहतात. मग त्यांना जागे कसे करायचे? अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नोवेल यांना १९६० साली त्याचा उपाय सापडला, आणि तो तुमच्या-आमच्या ओळखीच्या राजम्यात होता. राजम्याच्या दाण्यातून काढलेला एक पदार्थ घातला की या पेशी जंतू आल्यासारख्या चेततात आणि एकीच्या दोन, दोहोंच्या चार होऊ लागतात. किती वेगाने त्या वाढतात हे मोजले की त्यांची तडफ कळते.

१९८३ साली इटलीतील कोन्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तातील लिंफोसाइट अशाच पदार्थांनी चेतवून चुंबकीय क्षेत्रात ठेवल्या. क्षेत्रामुळे पेशींची वाढ मंदावली, असे त्यांनी प्रसिद्ध केले. आता हे ऐकून आपण म्हणू, झाले, शंका खरी ठरली! पण थांबा. सहा वर्षांनी, १९८९ साली, इटलीतच दुसऱ्या एका गटाने तरुण आणि म्हाताऱ्या माणसांचे रक्त घेऊन झटक्याझटक्याने येणारे कमी कंपनसंख्येचे क्षेत्र दिले. त्यांना त्याच पेशींची वाढ अधिक झालेली दिसली. एकाला कमी, दुसऱ्याला जास्त. क्षेत्राचा जोर, त्याचा आकार, वेळ, चेतवणारा पदार्थ यांतले काही बदलले की निकाल बदलतो, असे यावरून दिसले.

पुढे २००४ साली जर्मनीतील रॉस्टोक येथे नवजात बालकांच्या नाळेतील रक्तातून मिळवलेल्या भक्षक पेशी ४५ मिनिटे एक हजार मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात ठेवल्या गेल्या. जंतू जाळण्यासाठी या पेशी जो तीव्र प्राणवायू सोडतात तो त्या वेळी अधिक सुटला. म्हणजे बशीतील पेशींना क्षेत्राची काही चाहूल लागते, असे म्हणायला जागा आहे. पण जोर पाहा! एक हजार मायक्रोटेस्ला म्हणजे घरातल्या क्षेत्राच्या सुमारे दहा हजार पट, आणि तारांच्या ऐन खाली मिळणाऱ्या कमाल क्षेत्राच्या पन्नास पट. कोन्टी यांनी वापरलेले क्षेत्र तर याहूनही जोरकस होते. चिमूटभर मिठाने भाजीला चव येते म्हणून पायलीभर मिठाचा परिणाम चिमटीला लावता येत नाही, तसेच उलटही.

या संशोधनात शास्त्राची परीक्षा पाहणाऱ्या दोन गोष्टी घडल्या. त्या शिक्षकांनी मुलांना जरूर सांगाव्यात.

पहिली गोष्ट अशी. क्षेत्रामुळे माणसाच्या रक्तकर्करोगाच्या पेशींतील वाढीशी संबंधित एक जनुक अधिक कामाला लागते, असे अमेरिकेतून प्रसिद्ध झाले होते. ते फार गाजले. १९९५ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे आणि अमेरिकेतील दुसऱ्या एका प्रयोगशाळेत तोच प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा केला गेला. दोन्ही ठिकाणी तो परिणाम दिसला नाही.

दुसरी गोष्ट अधिक खेदाची. लिंफोसाइटमध्ये शिरणारे कॅल्शियम क्षेत्रामुळे बदलते, असे एका अमेरिकन संशोधकाने १९९२ साली दोन निबंधांत मांडले. कॅल्शियम हा पेशीच्या आतला निरोप्या आहे, म्हणून या निबंधांकडे साऱ्यांचे लक्ष गेले. तेथील सरकारच्या चौकशी कार्यालयाने १९९९ साली असा निर्णय दिला की त्या निबंधांतील आकडे मुद्दाम फिरवलेले होते. तात्पर्य, एकाने सांगितले आणि छापून आले, एवढ्यावर शास्त्रात काम भागत नाही. दुसऱ्याने, तिसऱ्याने, आपापल्या प्रयोगशाळेत ते पुन्हा करून पाहावे लागते.

आता बशीतून बाहेर पडून जिवंत माणसाकडे येऊ, कारण आपला खरा प्रश्न त्याच्याविषयी आहे. बशीतल्या पेशीला रक्ताचा ओघ नाही, यकृत नाही, झोप नाही, जेवण नाही. रोपवाटिकेतल्या पिशवीत रोप कसे वाढते ते पाहून आपण सबंध शेताचा अंदाज बांधीत नाही.

फ्रान्समध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. २० ते ३० वर्षांचे ३२ निरोगी तरुण घेतले. त्यांचे सोळा-सोळांचे दोन गट केले. रात्री अकरापासून सकाळी आठपर्यंत ते ज्या खाटांवर झोपत त्यांच्याभोवती तारांची वेटोळी बसवली होती. एका गटाच्या वेटोळ्यांतून वीज सोडून १० मायक्रोटेस्लाचे क्षेत्र दिले. दुसऱ्या गटाला सारे तसेच, फक्त वीज नाही. रात्री तासातासाने त्यांचे रक्त तपासले. पांढऱ्या पेशींची संख्या आणि प्रकार यांत दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही.

पण एक-दोन रात्रींनी काय होणार, असे कोणी विचारील. म्हणून त्याच गटाने उच्च दाबाच्या उपकेंद्रांत काम करणारे १५ कामगार तपासले. त्यांतील काहींचा या कामात वीस वर्षांपर्यंतचा काळ गेला होता. त्यांच्या जोडीला क्षेत्रापासून दूर असलेले १५ जण घेतले. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला: रक्तात आणि रोगप्रतिकारक पेशींत उल्लेखनीय फरक नाही. या कामात फ्रान्सच्या वीज कंपनीतील वैद्यकही सहभागी होते, हे मी लपवीत नाही. कोणाचे मत ऐकताना तो कोण आहे हे पाहावेच. दुसऱ्या बाजूनेही सांगतो. २००३ साली फ्रान्समधूनच एका वेगळ्या गटाने कळवले होते की रोहित्राजवळ काम करणाऱ्या रुग्णालयातील काही थोड्या कर्मचाऱ्यांच्या रक्तात लिंफोसाइट कमी आढळल्या. माणसे थोडी असली की योगायोगाला वाव राहतो, हे या दोन्ही बाजूंच्या अभ्यासांना लागू आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने तोपर्यंतचे सगळे संशोधन २००७ साली एकत्र तपासले. रोगप्रतिकारक पेशींवरील परिणामांचा पुरावा एकमेकांशी जुळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बऱ्याच पेशींवर काहीच परिणाम दिसला नाही. बिघडलेल्या पेशींना मारणाऱ्या पेशी काही अभ्यासांत वाढल्या, काहींत घटल्या. खरोखरीचा आणि मोठा परिणाम असता तर तो असा कधी इकडे, कधी तिकडे झुकला नसता.

मग काळजीचे काहीच नाही काय? एक धागा उरतो आणि तो मी प्रामाणिकपणे आपल्यासमोर ठेवतो. १९७९ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरात वर्थाइमर आणि लीपर या दोघांनी असे दाखवले की कर्करोगाने दगावलेल्या मुलांची घरे जास्त प्रवाहाच्या तारांजवळ अधिक प्रमाणात होती. रक्ताचा कर्करोग हा पांढऱ्या पेशींचाच रोग, म्हणून या गोष्टीला महत्त्व आले. पुढे निरनिराळ्या देशांतील नऊ अभ्यास एकत्र करून २००० साली हिशेब मांडला गेला. ज्या घरांत क्षेत्र सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाहून कमी होते, तेथे वाढीव धोका दिसला नाही. हजारात ९९२ मुले अशाच घरांतली होती. उरलेल्या आठांत, म्हणजे ०.४ वा त्याहून अधिक क्षेत्राच्या घरांत, हा रोग सुमारे दुप्पट आढळला. मुळात हा रोग विरळ. त्याची दुप्पटही विरळच. आणि तो क्षेत्रामुळेच झाला की दुसऱ्या एखाद्या कारणाने, हे सिद्ध झालेले नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या क्षेत्राला 'कर्करोगाचे संभाव्य कारण' अशा वर्गात घातले. त्याच वर्गात २०१६ सालापासून कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. या वर्गाचा अर्थ 'शंका आहे, शोध चालू ठेवा' असा घ्यावा.

यावरून आपण गावात काय करावे? शहाणपणाची आणि खर्च न येणारी खबरदारी घ्यावी. नवे घर बांधताना तारांखाली बांधू नये. तारांच्या मार्गासाठी १३२ किलोव्होल्टला २७ मीटर आणि २२० किलोव्होल्टला ३५ मीटर रुंदीचा पट्टा धरलेला असतो, त्या पट्ट्यात घर, गोठा, शाळेची खोली नको. लहान मुलाची खाट मीटरच्या बोर्डाला किंवा डीपीच्या भिंतीला चिकटून असेल तर चार पावले सरकवावी. इतके पुरे. तारांच्या 'लहरी' अडवतो म्हणून कोणी तांब्याचे कडे किंवा भिंतीवर चिकटवायची चकती विकू लागला तर पैसे जपून ठेवा. ५० फेऱ्यांचे चुंबकीय क्षेत्र मातीच्या भिंतीतूनही सहज पार जाते. ते कड्याने काय अडणार?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एखादे मूल वारंवार तापाने आजारी पडते, फिके दिसते, अंगावर निळे-काळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते. अशा वेळी 'तारांमुळे असेल' म्हणून घरी बसू नका. ही रक्ताच्या कर्करोगाची लक्षणे असू शकतात, आणि वेळेवर उपचार मिळाले तर आज पुष्कळ मुले बरी होतात. नुसता फिकेपणा, अशक्तपणा असेल तर जंत, रक्तक्षय, हिवताप, क्षय यांपैकी काही असेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्या. मुलाच्या लसी वेळेवर द्या. पांढऱ्या पेशींना खरी ताकद त्यानेच येते, आणि पोटभर जेवणाने येते. मनोऱ्यावर रोष धरून बसण्यात गेलेले दोन महिने मुलाला महाग पडतील.

दुसरे असे की विजेचा खरा घातक हात आपण रोज पाहतो आणि त्याला मात्र भीत नाही. आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत विजेचा धक्का लागून दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. ओल्या हातांनी मोटारीचा स्टार्टर दाबणे, तारेवर आकडा टाकणे, खांबाच्या ताणाला बैल बांधणे, तारांखाली पाण्याचा लोखंडी पाइप उभा करणे, फ्यूजच्या जागी जाड तार अडकवणे, ही त्याची कारणे. वादळात तार तुटून पडली तर कोणालाही जवळ जाऊ देऊ नका आणि लगेच वीज कार्यालयाला कळवा. मोटारीचे अर्थिंग दरवर्षी तपासून घ्या.

शिक्षक मित्रांना शेवटी एक छोटा प्रयोग सुचवतो. दोन वाट्यांत सारखी मटकी भिजत घाला. एकीवर 'चुंबकाजवळची' आणि दुसरीवर 'साधी' अशी चिठ्ठी लावा, पण चुंबक कोठेच ठेवू नका. दोन दिवसांनी मोड कोणाचे लांब, ते मुलांना नुसते पाहून सांगू द्या. काही मुले 'चुंबकाजवळची' असे ठासून सांगतील. मग पट्टी देऊन मोजायला लावा, आणि पुढच्या खेपेला चिठ्ठ्या झाकून तोच प्रयोग करा. आपल्याला जे वाटते तेच डोळ्यांना दिसते, आणि म्हणून मोजावे लागते, हे मुलांच्या कायमचे ध्यानात राहील. पॅरिसपासून केंब्रिजपर्यंतच्या शास्त्रज्ञांनी रक्ताच्या पेशींबाबत केले ते हेच. चिठ्ठ्या झाकल्या, मोजले, पुन्हा मोजले.

तेव्हा गावात कोणी तारांविषयी विचारले तर त्याला भित्रा म्हणून झिडकारू नका. घरातले क्षेत्र पांढऱ्या पेशींना दुबळे करते असे आढळलेले नाही. मुलांच्या एका विरळ रोगाबाबत शंका शिल्लक आहे, म्हणून अंतर राखावे. आणि आजारी मूल दवाखान्यात न्यावे, एवढे त्याला शांतपणे सांगा.